समोरच्या खिडकीसाठी कॅमेरा

कॅमेरा घ्यायचा माझा विचार नव्हता. मला फोटोंची हौस नाही, आणि असती तरी फोन आहेच. पण आई म्हणायला लागली की समोरच्या बिल्डिंगमधली काकी तिला रोज खिडकीत दिसते. काकी वारून काही वर्षं झाली होती. तेव्हा हा विषय एकदाचा मिटवण्यासाठी चांगला कॅमेरा लागेल, असं मी ठरवलं.

आईची खोली नायगावात, बीडीडी चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. चाळी पाडून टॉवर व्हायचं काम सुरू आहे. आईच्या बिल्डिंगचा नंबर अजून लागायचा होता, समोरची मात्र रिकामी झाली होती. माणसं भाड्याच्या जागांत गेली, वीज-पाणी तोडलं, भंगारवाल्यांनी दारं नेली आणि खिडक्यांचे गज कापून नेले. खाली चहूबाजूंनी पत्रे ठोकले आणि जिन्याचं लोखंडी दार वेल्ड करून टाकलं. पाडायचं मशीन यायचं तेवढं बाकी होतं.

त्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्याच मजल्यावर काकीची खोली. तिची खिडकी आणि आईची खिडकी अगदी समोरासमोर. मी शाळेत होते तेव्हापासून या दोघी तिन्हीसांजेला खिडकीत उभ्या राहून एकमेकींना एकच प्रश्न विचारायच्या. काकी ओरडायची, "दिवो लायलंस गो?" आई म्हणायची, "लायलंय. तू?" दोघी मालवणकडच्या, त्यामुळे हे सगळं मालवणीत आणि मोठ्या आवाजात. पुढे काकीला ऐकू कमी यायला लागलं, मग आवाज आणखी वाढले. शेवटच्या वर्षांत काकीच्या हातांना कंप सुटला. खिडकीचा गज घट्ट धरून ती उभी राहायची, आणि धरूनही हात हलायचा. आता आईचाही तसाच हलतो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत, त्या ती घेते, हात हलतोच.

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. स्लाइडवर दिसलं तर आहे, नाही दिसलं तर नाही, अशी माझी सवय. आईला मी तसंच विचारलं.

"दिसते म्हणजे कशी दिसते? बोलते?"

"बोलूक खंय? नुसती उभी असता. वाट बघता."

"कोणाची?"

"कोणाची म्हणजे? झिलाची. तिका कोणी सांगूकच नाय गो."

झील म्हणजे मुलगा. काकीचा मुलगा माझ्याच वयाचा, आम्ही एकत्र खेळलेलो. त्याने काय चूक केली ते आईने मला पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. आमच्याकडे घर सोडताना दोन कामं करायची असतात. एक, जागेवाल्याला नारळ देऊन गाऱ्हाणं घालायचं, की आजवर सांभाळलंस, आता आम्ही निघतो, चुकलंमाकलं पोटात घाल. जागेवाला म्हणजे त्या जागेचा राखणदार, तो तिथेच राहतो. आणि दुसरं, त्या घरात जी आपली माणसं गेली, त्यांना हाक मारून सांगायचं, की आम्ही अमक्या ठिकाणी चाललोय, तुम्हीही चला. काकीच्या मुलाने पहिलं काम व्यवस्थित केलं. दुसरं राहिलं. कारण काकीचा हार घातलेला फोटो पहिल्याच टेम्पोतून पुढे गेला होता. फोटो गेला म्हणजे आई गेलीच, असं त्याने धरलं.

"ती काय तसबिरीत बसान होती?" आई म्हणायची. "येडो खंयचो!"

बिल्डिंग पाडायच्या आत मुलाने येऊन काकीला हाक मारावी, एवढंच आईला हवं होतं. तिने त्याला दोनदा फोन केला. त्याने "येतो मावशी, येतो" म्हणून टाळलं. मग ती मला म्हणाली की त्याला फोटो दाखव, म्हणजे येईल. मी मनात म्हटलं, फोटो काढू, त्यात रिकामी खिडकी दिसेल, ती आईला दाखवू आणि विषय संपेल.

आधी फोनवर काढला. संध्याकाळचा उजेड कमी, खिडकी लांब. ओढून मोठं केलं की फोन आपल्या मनानेच चित्र रंगवायला लागतो. भिंतीवरच्या ओल्या डागाला त्याने नाक, डोळे आणि कपाळ दिलं. आई म्हणाली, "बघ!" मी म्हटलं, हे फोनने केलंय. पुढचा फोटो काढला तर चेहरा दुसऱ्या डागावर. तिसऱ्यात दोन चेहरे. मी ते पुसून टाकले. आईचं समाधान व्हायला हवं, पण खोट्या गोष्टीवर नको, हा माझा हिशेब.

दादरला स्टेशनच्या पश्चिमेला कॅमेऱ्यांचं एक लहान दुकान अजून चालू आहे, लग्नाच्या फोटोग्राफरांच्या जिवावर. शनिवारी अर्धा दिवस होता, तशीच गेले.

"काय काढणार मॅडम?" दुकानदाराने विचारलं. "लग्न, मुलं, पक्षी?"

"खिडकी. समोरच्या बिल्डिंगची. संध्याकाळच्या वेळी."

त्याने चष्म्यावरून पाहिलं. "सोसायटीचं भांडण आहे काय?"

"तसंच समजा."

त्याने दोन कॅमेरे काढून ठेवले. दोन्ही लांबचं जवळ आणणारे, एक जरा जुना आणि स्वस्त. स्वस्तावरही चकचकीत स्टिकर होता, अँटी-शेक.

"म्हणजे दोन्हीत स्टॅबिलायझेशन आहे," मी म्हटलं.

"नाही नाही. हा नुसता बोर्ड लावलाय. हा तुमचा हात धरत नाही, आतल्या आत उजेड वाढवून फोटो झटकन घेतो. मग सगळं दाणेदार. ह्या दुसऱ्यात काच खरोखर हलते. तुमचा हात इकडे गेला की काच तिकडे जाते."

"एवढं लागतं का? मी हात टेकवून काढीन."

"जवळचं काढायचं तर नाही लागत. पण जेवढं लांबचं ओढाल ना, तेवढा हात पण मोठा होतो. इथे मुंगीएवढा हलला, तर तिकडे हत्ती."

मी हिशेब केला. स्टँड लावला तर या महागड्या काचेची गरज नाही, हे त्याने स्वतःच कबूल केलं. उलट स्टँडवर काच हलवणारं बटण बंदच ठेवायचं, नाहीतर ती नसलेला कंप शोधत बसते, असंही म्हणाला. पण आईच्या खिडकीच्या कट्ट्यावर तुळस, औषधांचा डबा आणि पाण्याची कळशी, तिथे तीन पायांचा स्टँड कुठे ठेवणार? त्यापेक्षा तांदळाची पुरचुंडी करून त्यावर कॅमेरा टेकवता येईल. स्वस्तवालाच घ्यावा असं जवळजवळ ठरलं. तेवढ्यात एक साधी गोष्ट लक्षात आली. मी लॅबमधून आईकडे पोचेपर्यंत अंधार पडलेला असतो. फोटो आईच काढणार. आणि आईचा हात पुरचुंडीवरच्या कॅमेऱ्यालाही गदागदा हलवणार.

मी दुकानाच्या दारात उभी राहिले आणि आईचा हात केला. म्हणजे तिचा हलतो तसा मुद्दाम हलवत रस्त्यापलीकडच्या केमिस्टच्या पाटीचा फोटो काढला. स्वस्त कॅमेऱ्यात पाटीचे चार थर आले. दुसऱ्यात पाटीवरचं बारीक अक्षरही वाचता आलं.

"आणि समोरचंच हललं तर?" मी विचारलं.

"ते हलणारच ना! हा तुमचा हात थांबवतो मॅडम, समोरच्याला नाही थांबवत." मग त्याने मागच्या भिंतीवरचा फोटो दाखवला. लाल बस अगदी स्वच्छ, खिडकीतले उतारू ओळखू येतील इतकी, आणि तिच्यामागची दुकानं, झाडं, माणसं सगळी फरफटलेली. "हा मी काढलाय. बटण बंद करून बसच्या बरोबर कॅमेरा फिरवला. जे तुमच्या बरोबर हलतं ते साफ येतं. जे थांबलेलं असतं ते फाटतं."

ही माहिती मला नको होती. मी महागडा कॅमेरा घेतला आणि निघाले.

आईला शिकवायला वेळ लागला नाही. एकच बटण दाबायचं, बाकी सगळं मी लावून दिलं होतं. आठवडाभर ती रोज संध्याकाळी फोटो काढत होती. रविवारी मी कार्ड काढून लॅपटॉपवर लावलं.

फोटो इतके चांगले असतील असं वाटलं नव्हतं. समोरच्या बिल्डिंगची एकेक गोष्ट तांदूळ निवडावेत तशी वेगळी दिसत होती. उडालेला रंग, कापलेल्या गजांची खुंटं, कोणीतरी भिंतीवर लिहून ठेवलेले मोबाइल नंबर. सगळ्या खिडक्या काळ्या, रिकाम्या. फक्त काकीच्या खिडकीत काहीतरी पुसल्यासारखं होतं. उभा, फिकट पट्टा, बोटाने ओला रंग सारवावा तसा. दुसऱ्या फोटोतही, तिसऱ्यातही. सगळ्या फोटोंत त्याच खिडकीत, त्याच उंचीचा.

"ही बघ," आई म्हणाली.

"हे प्लास्टिक आहे. वाऱ्याने हलतंय. समोरचं हलतं ते कॅमेरा थांबवत नाही."

"हलताच ती," आई म्हणाली. "हात हलतत तिचे."

मी खाली उतरले आणि पत्र्यांपाशी बसलेल्या वॉचमनला विचारलं, तिसऱ्या मजल्यावर प्लास्टिक अडकलंय का. त्याने मान वर करून बघितलं.

"प्लास्टिक कहाँ से रहेगा मॅडम? भंगारवाले दोरी तक ले गये."

"वर कोणी जातं?"

"कैसे जायेगा? दरवाजा वेल्ड है."

मी पत्र्यांच्या फटीतून दार पाहिलं. वेल्डिंग जाड, गंजायला लागलेलं. खालून काकीच्या खिडकीत काही दिसत नव्हतं. मी वर आले, आईच्या हातून कॅमेरा घेतला आणि स्वतः वाट बघत बसले. तांदळाची पुरचुंडी कट्ट्यावर ठेवली, कळशी खाली काढली. दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे टेकवलेल्या कॅमेऱ्याचं बटण बंद केलं. उजेड गेला तसे फोटो घेत गेले. प्रत्येकात तो पट्टा. डोळ्यांनी बघितलं तर खिडकी रिकामी. कॅमेऱ्यातून बघितलं तरी रिकामी. फोटोत मात्र पट्टा.

कुकरची शिट्टी झाली म्हणून मी उठले. गॅस बंद करून आले तर आईने कॅमेरा पुरचुंडीवरून उचलून हातात घेतला होता आणि फोटो काढत होती. बटण बंद आहे हे तिला माहीत नव्हतं, माझ्याही ध्यानात नव्हतं. तिचे दोन्ही हात थरथरत होते.

तो फोटो मी तिथेच, कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर पाहिला. बिल्डिंग फाटली होती. भिंत, खुंटं, पन्हाळी, सगळ्याचे थरावर थर, एकही रेघ सरळ नाही. आणि त्या फाटलेल्या बिल्डिंगच्या मध्यभागी, काकीच्या खिडकीत, काकी स्वच्छ उभी होती.

मी फोटो मोठा केला. फोनसारखा डागाचा चेहरा नव्हता. खांद्यावरून ओढून घेतलेला पदर, डाव्या कानामागे खोचलेले केस. उजवा हात वर करून तिने गज धरला होता. मूठ नीट मिटलेली, बोटांची पेरं दिसत होती. गज तिथे नव्हता. तो कापून नेल्याला महिने झाले होते. मिटलेल्या मुठीत काहीच नव्हतं.

दुकानातली बस मला आठवली. जे तुमच्या बरोबर हलतं ते साफ येतं. आईचा हात ज्या हिसक्याने हलत होता, अगदी त्याच हिसक्याने, त्याच क्षणी, समोर ती हलत होती.

मी लगेच बटण बंद ठेवून स्वतःच्या हाताने फोटो काढले. हात मुद्दाम हलवून काढले, दुकानात केला तसा आईचा हात करून काढले. सगळंच फाटलं, बिल्डिंगही आणि तो पट्टाही. माझ्या हाताला ते जमत नव्हतं. आईला पुन्हा काढायला लावलं. काकी आली. पुन्हा लावलं. पुन्हा आली, तीच मूठ. तिसऱ्यांदा मी नको म्हटलं.

"आता खरा वाटला?" आईने विचारलं.

"मला काय वाटतं ते राहू दे. त्याला पाठवते."

फोटो पाठवून मी काकीच्या मुलाला फोन केला. तो कामोठ्याला भाड्याने राहतो.

"अगं काय हे?" तो म्हणाला. "तू लॅबमध्ये काम करतेस ना? मावशीचं एक समजू शकतो."

"फोटो मोठा करून बघितलास?"

"एडिट केलंय कोणीतरी. आजकाल कायपण करतात."

"कोणी करायचं? आईने? तिला कुकरची रिंग लावायला मी लागते. मोठा करून हात बघ."

तो फोन चालू ठेवून बघत असावा. मागे टीव्ही चालू होता, तो कोणीतरी बंद केला.

"गज धरलाय," तो शेवटी म्हणाला.

"गज नाहीत तिथे. भंगारवाल्यांनी नेले."

"ठाऊक आहे. माझ्यासमोर कापले." मग म्हणाला, "मशीन कधी येणार?"

"वॉचमन म्हणतो या आठवड्यात येईल, पाडायला लागतील पुढच्या सोमवारनंतर."

"शनिवारी येतो. मावशीला सांग, काय काय आणू ते."

आईने सांगितलं, काही नको, तोंड घेऊन ये.

शनिवारी तो उजेड असतानाच आला. ऑफिसच्या कपड्यांत, हातात पिशवी. न सांगताही नारळ आणला होता. आईने तो बाजूला ठेवायला लावला. "नारळ जागेवाल्याक. त्याचा झाला. आवशीक कोण नारळ देता?" तिने त्याला खिडकीत उभं केलं. खाली पत्र्यांजवळ पिवळं मशीन येऊन उभं होतं, सोंडेसारखा हात दुमडून. अंधारायला लागलं तशा आमच्या बिल्डिंगच्या खिडक्यांत दिवे लागले. समोर एकही नाही.

तो पुटपुटला. "आये, चल."

"असा पुटपुटलंस तर तिका काय ऐकू येतला?" आई म्हणाली. "अर्धी बहिरी ती. माका लाज वाटत नाय, तुका कसली वाटता?"

त्याने खिडकीची चौकट धरली आणि ओरडला. "आये! आमी नवीन जाग्यार गेलंव. माजा चुकला. तुका न्हेवक इलंय. चल!"

रिकाम्या बिल्डिंगमधून त्याचा आवाज परत आला, तोच शब्द, जरासा उशिरा. खाली वॉचमनने वर पाहिलं. आजूबाजूच्या खिडक्यांत माणसं आली, पण कोणी हसलं नाही. ज्यांच्या खोल्या अजून सोडायच्या होत्या ती माणसं होती ती.

"आता जा," आई म्हणाली. "मागे बघू नको. दार इला की परत एकदा सांग, आणि सावकाश चाल. तिचे गुडघे दुखतत."

तो पाया पडला आणि गेला. माझ्या हातात कॅमेरा होता, आईने बटण दाबायला हात पुढे केला, पण मी दिला नाही.

थोड्या वेळाने तो खाली दोन बिल्डिंगच्या मधल्या वाटेवर दिसला. वेल्ड केलेल्या दारासमोर पत्र्याला हात लावून उभा राहिला. काहीतरी बोलला, ते वर ऐकू आलं नाही. मग वळला आणि चालायला लागला. लहानपणापासून ढांगा टाकत चालणारा माणूस. त्या संध्याकाळी इतकं बारीक पाऊल टाकत होता की वॉचमन वाटेतून बाजूला झाला, आणि एकट्या माणसाला लागते त्यापेक्षा जास्त वाट सोडून झाला.

वाटेच्या टोकाला टॅक्सी थांबली. त्याने मागचं दार उघडलं आणि धरून उभा राहिला. ड्रायव्हरने मान काढून मागे पाहिलं. मग काकीच्या मुलाने दार हलकेच लावलं, दोनदा ओढून बघितलं, आणि स्वतः पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला.

आईला एवढ्या लांबचं आता नीट दिसत नाही. तिने माझी बाही धरली.

"बसली?"

मी टॅक्सी वळेपर्यंत बघत होते.

"बसली," मी म्हटलं.